अर्धं संस्कृत

या माउली, असे पुढं सरका. तिकडं खांबाला टेकून बसलात तर कानात नुसता वारा जाईल. मृदंगाला कणीक लावून झालीय, पेटीनं सूर धरलाय, पण बुवांची गाडी अजून फाट्यावरच आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. देवाची म्हणाल तर देवाची, शाळेची म्हणाल तर शाळेची. एका लेकरानं कुठल्या वर्गात बसायचं, एवढीच. पण त्या एवढ्या गोष्टीपायी शेषेरावाच्या घरात कितीतरी दिवस कुणी पोटभर जेवलं नव्हतं.

शेषेराव आमच्या वाडीतला पहिल्या रांगेतला टाळकरी. विणेकऱ्याच्या उजव्या अंगाला त्याची जागा ठरलेली. शाळा चौथीपर्यंत झालेली, पुढं बैलांमागं गेला. त्याची लेक सुकन्या त्याच्या मांडीवर कीर्तन ऐकत वाढली. पोरीचा कान असा की एकदा पडलेलं तिथून हलायचं नाही. सप्ताहात एक महाराज सकाळी पोरांना गोळा करून संस्कृतातले अध्याय शिकवायचे. ते एक ओळ म्हणत, पोरं मागून म्हणत. बाकीची पोरं एकमेकांना चिमटे काढायची, सुकन्या डोळे मिटून म्हणायची. सप्ताह संपेस्तोवर अख्खा अध्याय तिच्या तोंडात. बायाबापड्या तिच्यावरून कडाकडा बोटं मोडायच्या.

यंदा चैत्रात काल्याच्या दिवशी सप्ताह कमिटीच्या अमृतरावांनी शेषेरावाच्या हातात माइक दिला. तो घामानं भिजलेला, गळ्यात टाळ, कपाळाचा बुक्का गालावर ओघळलेला.

"मपली सुकन्या आता आठवीला जळकोटला चालली," तो म्हणाला. "तिथं संस्कृत हाय. ती पूर्ण संस्कृत घेणार, अर्धंमुर्धं न्हाई. अन् एक दिवस ती याच देवळात उभी राहून कीर्तन करणार. ही मपली जबान हाय गावाला."

टाळ्या पडल्या. त्याची बायको शिवकांता बायकांत बसली होती, तिनं पदर पुढं ओढला. लोकांना वाटलं, लाजली.

आता पूर्ण-अर्धं म्हणजे काय, ते सांगतो. जळकोटच्या त्या शाळेत आठवीला तीन वाटा. पूर्ण संस्कृत घेतलं की हिंदी सुटतं, आणि शंभर मार्कांचा पेपर एकट्या संस्कृतचा. संयुक्त घेतलं तर अर्धं हिंदी, अर्धं संस्कृत. तिथं धडे थोडे आणि चाल सावकाश. तिसरी वाट नुसत्या हिंदीची. एकदा बसलं की दहावीपर्यंत तिथंच. संयुक्तला पोरं आणि पालक अर्धंच म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली जाई.

संस्कृत शिकवायला शिल्पा मॅडम उदगीरहून येत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुणाला काही येतं का. सुकन्या उभी राहिली आणि तिनं अध्याय लावला. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली. मॅडमनी तिला तिथल्या तिथं पूर्णमध्ये घेतलं. आमच्याच वाडीची बुद्धप्रिया तिच्याबरोबर होती, नागसेनची मुलगी. तिला पाठ काहीच नव्हतं. मॅडमनी पुस्तक दिलं, तिनं ओळीखाली बोट ठेवून कधी न पाहिलेला उतारा वाचला. हळू वाचला, पण कुठं अडली नाही. तिलाही पूर्ण मिळालं. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, जुलैच्या शेवटच्या शनिवारपर्यंत बघा. कुणाला झेपत नसेल त्यानं पालकांना घेऊन यायचं, वर्ग बदलून मिळेल. त्यानंतर नाही.

आणि हे सुकन्याला झेपत नव्हतं. पोरीला म्हणता येत होतं, वाचता येत नव्हतं. मराठीसुद्धा ती अक्षर-अक्षर जुळवून वाचायची. इतकी वर्षं ते झाकून गेलं, कारण कुणी वाचून दाखवलं की तिचं पाठच होऊन जाई. मग पुस्तक समोर धरायचं आणि घडाघडा म्हणायचं. गुरुजी खूश, बाप खूश. हे शिवकांताला ठाऊक होतं. खताच्या पिशवीवरचं वाचायला सांगितलं की पोरीच्या वरच्या ओठावर घाम येतो, हे तिनं पाहिलं होतं.

जुलैत पावसानं उघडीप दिली आणि तण माजलं. सोयाबीन टीचभर, त्याच्या बरोबरीनं केना आणि हराळी. बाया मिळेनात. शिवकांता आणि बुद्धप्रियाची आजी सरजाबाई यांची जुनी सावड. चार दिवस इकडं खुरपायचं, चार दिवस तिकडं. नागसेन धर्माबादला आडतीत कामाला, म्हणून त्याच्या रानाची खुरपणी या आजी-नातीवरच. दोघी पोरी शाळेतून आल्या की पाठीवरचं दप्तर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर टाकून पात धरायच्या. पात म्हणजे खुरपताना प्रत्येकीनं अंगावर घेतलेल्या ओळी.

खुरपता खुरपता त्यांचं एक काम चालायचं. बुद्धप्रिया उद्याचा धडा म्हणायची आणि सुकन्या मागून म्हणायची. आधी धुऱ्यावर बसून बुद्धप्रिया पुस्तकातून वाचे, मग पातीत तेच पुन्हा. सरजाबाईला वाटायचं, पोरी देवाचं म्हणतात. दुसऱ्या दिवशी वर्गात सुकन्या पुस्तक धरून एका दमात म्हणायची आणि मॅडम तिला शाबासकी द्यायच्या. पोरीची बोटं तणाच्या रसानं हिरवी झालेली. ती बोटं ओळीवर फिरत, पण ओळ सांगत काय होती, ते तिला ठाऊक नसे.

एके दिवशी ऊन लई तापलं होतं. सुकन्यानं पातीतूनच सांगितलं, उद्याचा उतारा वाच.  बुद्धप्रियानं पुढचं तण उपटून मातीवर आपटलं.

"आजपासून मी न्हाई वाचणार," ती म्हणाली.

"कामून? काय बिनसलं आपलं?"

"काई न्हाई बिनसलं. मी वाचते, तू पाठ करतेस, मॅडम शाबास म्हणतात. दहावीच्या पेपरात मी येऊ का तुझ्या शेजारी बसून वाचायला?"

सुकन्याचं खुरपं थांबलं. "तुझं पूर्ण झालं ना. मी मागं पडले की तुझाच नंबर. म्हणून बोलून राहिलीस."

बुद्धप्रियानं तिच्याकडं पाहिलं, आणि मग पाहिलंच नाही. तिचा हात भरभर चालायला लागला. पात लांब गेली. सावडीत एक रीत असते माउली. कुणी मागं राहिलं की पुढं गेलेली माघारी वळून तिच्या ओळी काढू लागते. त्या दिवशी बुद्धप्रिया धुऱ्यावर जाऊन पाणी प्यायली आणि तिथंच बसून राहिली. सुकन्या एकटी ओळीत. सरजाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं माय, दोन पाती अन् मधी एवढं रान?" असं म्हणून म्हातारी स्वतः वाकली आणि सुकन्याची ओळ काढू लागली.

पुढं तेच झालं जे व्हायचं होतं. मॅडमनी पुस्तकाबाहेरचा एक छोटा उतारा आणला, एका उंटाची गोष्ट. एकेकाला वाचायला लावलं. सुकन्याची पाळी आली. ती उभी राहिली. कागद हातात. जोडाक्षरावर जोडाक्षर चढलेलं. पहिला शब्द जुळेना. वर्ग वाट पाहतोय. मॅडम म्हणाल्या, हं, वाच बेटा. पोरीचे डोळे आपोआप मिटले, आणि तोंडातून निघाला अध्याय. पूर्ण चालीत, जसा देवळात म्हणायची तसा. उंटाच्या जागी देवाचं सुरू झालं. दोन ओळी झाल्यावर तिला हसू ऐकू आलं. आधी वाटलं बाहेरून येतंय. डोळे उघडले तर सगळा वर्ग हसत होता. बुद्धप्रिया तेवढी खाली मान घालून बाकाची कड नखानं खरवडत होती.

मॅडम हसल्या नाहीत. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला बाजूला घेतलं, एक सोपी ओळ वाचायला दिली, मग आणखी सोपी. शेवटी म्हणाल्या, तू संयुक्तला ये, तिथं मी पहिल्यापासून घेते. शनिवारी वडलांना आण.

सुकन्यानं घरी सांगितलं नाही. सोमवार गेला, बुधवार गेला. पोरगी भाकरी कुस्करायची आणि तशीच ठेवायची. शिवकांतानं दोनदा विचारलं, अंग दुखतं का. पोरगी हाव म्हणायची.

पण अमृतरावांची नात त्याच वर्गात. गुरुवारी शेषेराव ओळींमधलं तण काढायला कोळपं धरून होता. बैलांच्या तोंडाला मुसकी, पाय ढोपरापर्यंत मातीनं भरलेले. अमृतराव मोटारसायकल थांबवून धुऱ्यावर आले.

"शेषेराव, ऐकलं ते खरं का?" ते म्हणाले. "उंटाची गोष्ट वाच म्हटलं तर पोरीनं पोथी लावली म्हणं."

शेषेरावाला काहीच कळेना. अमृतरावांनी सगळं सांगितलं, अगदी पोरं कशी हसली तेसुद्धा. जाता जाता म्हणाले, "नागसेनची पोरगी पूर्णात अन् आपली अर्ध्यात, हे काई बरं दिसत न्हाई. मॅडमला जाऊन जरा समजावा. माइकवर बोललाय तुमी."

मोटारसायकल गेली. शेषेरावानं बैल हाणले.  कोळप्याची पास, म्हणजे खालचं पातं, तासातून सरकली आणि ओळीत घुसली. हातभर, दोन हात, चांगली रुजलेली रोपं मुळासकट आडवी होत गेली, आणि त्याला ते धुरा गाठेस्तोवर दिसलं नाही. मागं वळून पाहिलं तेव्हा शिवकांता त्या कापल्या ओळीपाशी उभी होती. एक रोप उचलून तिनं मुळावरची माती झटकली आणि परत खाली ठेवलं.

तेवढ्यात सुकन्या शाळेतून आली. बापानं तिला धुऱ्यावर उभी केली.

"कामून सांगितलं न्हाई?"

"तुमी माइकवर बोलला होता, अण्णा."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, शनिवारी मी येतो, मॅडमपुढं तू अध्याय म्हण, पुरा म्हण, मग बघू कोण अर्ध्यात टाकतो. शिवकांता मधे पडली. पोरीला वाचायची तकलीफ हाय, तुमी कधी तिच्याकडून वाचून घेतलं न्हाई, असं काहीसं बोलली. शेषेराव तिच्याकडं न बघता म्हणाला, "तुला सही करता येत न्हाई. तू वाचायचं सांगू नको."

शिवकांतानं तणाचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि ती चालायला लागली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं त्याला ताट वाढलं, पण बोलली नाही.

शनिवारी शेषेरावानं पांढरी टोपी घातली, बुक्का लावला. एस.टी.त बाप एका बाकावर, लेक दुसऱ्या. शाळेत मॅडमनी त्याला खुर्ची दिली. तो खुर्चीच्या कडेवर बसला. भिंतीकडेला दोन-तीन पालक आपापल्या पोरांना घेऊन थांबलेले.

"बाई, पैलं तिचं ऐकून घ्या," तो म्हणाला. "म्हण गं."

सुकन्यानं म्हटलं. मन लावून म्हटलं, कारण तेवढंच तिच्या हातात होतं. थांबलेले पालक गप्प झाले. मॅडमनी डोळे मिटले होते. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी ते उघडले. म्हणाल्या, असा आवाज माझ्या उभ्या नोकरीत मी ऐकला नाही. शेषेरावाचा ऊर भरून आला. त्यानं त्या पालकांकडं पाहिलं.

मग मॅडमनी पुस्तक उघडलं. पहिलाच धडा. म्हणाल्या, आता हे वाच, सावकाश.

सुकन्यानं बोट ठेवलं. एक अक्षर. दुसरं अक्षर. मग मागं जाऊन परत पहिलं. नखात अजून हिरवा रंग होता. वरच्या ओठावर घाम आला. शेषेराव तिच्या खांद्यावरून बघत होता. चौथी शिकलेला बाप, पण मराठी-संस्कृताची लिपी एकच. तो शब्द त्याला दिसला, ओठापर्यंत आला, आणि तिथंच अडकून राहिला, कारण लेकीला अजून तिथवर यायचं होतं. तो थांबला. ती आली नाही. तिच्या पायाचा अंगठा फरशी दाबत होता. वाडीत टाळ वाजवताना मोठमोठ्या गवयांना सांभाळून घेणारा माणूस, त्याला एका शब्दाला सांभाळून घेता येईना.

"घरी मी बसतो तिच्यापाशी," तो मॅडमला म्हणाला.  "रोज बसतो. पूर्णच राहू द्या."

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात सुकन्यानं पुस्तक मिटलं.

"अण्णा, नवा टाळकरी आला तर तुमी त्याला कुठं उभा करता?"

 "मागं," तो म्हणाला.

"मंग पुढं कवा येतो?"

"हात बसला की."

"मला तुमी पैल्याच दिवशी विण्याजवळ उभं केलं. मपला हात बसला न्हाई अजून. मला संस्कृत सोडायचं न्हाई, अण्णा. मला मागून यायचंय."

शेषेरावानं टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग मॅडमला म्हणाला, ते संयुक्त म्हणता ते करा. मॅडम म्हणाल्या, वाट बंद होत नाही, वाचन बसलं की अकरावीला पुन्हा पूर्ण संस्कृत घेता येतं. त्यानं मान हलवली, पण ते त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. येताना दोघं एका बाकावर बसले. 

त्याच दिवशी वद्य एकादशी. दिवेलागणीला देवळात माणसं जमली. मी विण्यापाशीच होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं. बुवा यायचे होते. अमृतरावांनी माइक घेतला आणि म्हणाले की बुवा येईस्तोवर आपली पूर्ण संस्कृतवाली सुकन्या अध्याय म्हणेल. पूर्ण या शब्दावर त्यांनी जरा जोर दिला, आणि शेषेरावाकडं पाहून हसले.

बायकांत सुकन्या आईच्या पाठीमागं सरकली.

शेषेरावानं गळ्यातला टाळ काढला. रांग सोडून तो पुढं आला आणि त्यानं माइक मागितला. कर्णा एकदा कुईं करून ओरडला. शेषेराव थांबला. 

"चैत्रात मी इथं उभा राहून बोललो होतो," तो म्हणाला. "ते मी मागं घेतो. मपल्या लेकीनं अर्धं संस्कृत घेतलंय. तिला वाचाया शिकायचंय अजून. पूर्ण संस्कृत आपल्या वाडीतून नागसेनच्या बुद्धप्रियानं घेतलंय. ती लई चांगलं वाचते."

एवढंच बोलला. शाबास म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. देवळाच्या त्या माइकवरून ते नाव कधी गेलं नव्हतं. अमृतरावांनी माइक घेतला, बटण बंद केलं, परत चालू केलं, आणि म्हणाले, बुवा आलेच एवढ्यात. शेषेराव माघारी आला. त्याची जागा रिकामी होती, पण तो तिथं थांबला नाही. सगळ्यात मागं, नव्या पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्या रात्री कीर्तनात पोरांचे टाळ चुकत होते आणि तोही त्यांच्या बरोबरीनं चुकत होता. शिवकांता बायकांतून सारखी मागं वळून बघत होती.

देवळाचा कर्णा सगळ्या वाडीला ऐकू जातो. नागसेनच्या अंगणात सरजाबाई भाकरी थापत होती. नातीचं नाव ऐकून तिचा हात परातीवर तसाच राहिला. भाकरी करपली. हे तिनंच मला नंतर सांगितलं, हसत हसत, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सावड सरजाबाईच्या रानात. पोरी पातीला लागल्या. बुद्धप्रिया पुढं गेली, सुकन्या मागं. धुऱ्याला हात लावून बुद्धप्रिया माघारी वळली, सुकन्याच्या ओळीत समोरून बसली आणि खुरपत तिच्याकडं येऊ लागली. दोन खुरपी समोरासमोर आली. बुद्धप्रियानं धुऱ्यावरच्या सुकन्याच्या दप्तरातून आणलेलं पुस्तक मातीवर उघडं ठेवलं, मॅडमनी काल दिलेलं संयुक्तचं, पहिलं पान.

"मी न्हाई वाचणार," ती म्हणाली. "तू वाच. मी बसते."

सुकन्यानं हात कमरेला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या धडप्याला पुसला आणि बोट ठेवलं. ऊन कलेस्तोवर त्यांची एक ओळ झाली. सरजाबाईनं पोरींना काही म्हटलं नाही. दोघींच्या पाती त्या दिवशी तिनं आणि शिवकांतानं काढल्या.

फाट्यावर दिवे दिसतात, बुवा आले वाटतं. टाळ घ्या हातात. माउली, एक मागणं आहे. सुकन्या आता संयुक्तच्या वर्गात वाचते, अडखळते, परत वाचते. तिची काळजी करायला तिचा बाप आहे. तुम्ही आज घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा त्या दुसऱ्या पोरीला आठवा. आपली मैत्री जाईल हे दिसत असताना जिनं भर उन्हात 'मी न्हाई वाचणार' म्हटलं, त्या बुद्धप्रियाला आठवा.